माझ्या नावाने गेलेला निरोप

नोकरीची तेहतीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारत फिरलो. जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर शिकवतो थोडं आणि मोजतो जास्त, हे आमच्या पिढीतल्या कुणालाही पटेल. जनगणना केली, मतदार याद्या केल्या, गुरंढोरं मोजली, कुणाच्या घरी संडास आहे आणि कुणाच्या नाही हे बघत आर्वीकडची खेडी पालथी घातली. बगलेत फॉर्मचा गठ्ठा, खिशात शिसपेन्सिल आणि दारात उभं राहून म्हणायचं पहिलं वाक्य ठरलेलं: "बाई, तुमी सांगसान ते गुप्त राह्यते, भ्यायचं काम नाई."

लोक सांगायचे. एका खेड्यात एका बाईने नवरा शेतात गेलेला पाहून मला घरातली अशी गोष्ट सांगितली, जी तिच्या सासूलाही माहीत नव्हती. फॉर्मला लागत होतं तेवढं मी लिहिलं, बाकीचं तिथेच उंबऱ्यावर सोडून आलो. ती गोष्ट मी बायकोला कधी सांगितली नाही आणि इथेही सांगणार नाही. माझ्यात दोष पुष्कळ आहेत. मी तापट आहे, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही, एका साडूभावाशी वर्षभर अबोला धरला होता तो कशावरून, हेही आता आठवत नाही. पण माझ्या पोटात गेलेलं बाहेर पडत नाही, याची मला खात्री होती आणि थोडी घमेंडही होती.

निवृत्त झालो आणि प्रश्न बंद झाले. नालवाडीतल्या घरात आम्ही दोघंच. मुलगी नागपूरला बँकेत, तिचं तिकडे नीट चाललेलं. वस्तीतल्या विहार समितीचा मी सचिव, म्हणजे सतरंज्या मोजणं आणि इतिवृत्त लिहिणं. बाकी दिवसभर मला कुणी काही विचारत नसे. सकाळी बायको "चहा घेता का?" एवढं विचारायची आणि उत्तराची वाट न पाहता कप पुढे ठेवायची.

अशा वेळी निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर एका जुन्या सहकाऱ्याने लिंक टाकली. सर्वे भरा, गुण मिळवा, गुणांवर मोबाइलचं रिचार्ज. मला रिचार्जचं काही पडलं नव्हतं. हे मी सांगितलं की मुलगीसुद्धा हसते, पण खरं तेच आहे. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की आम्हाला तुमचं मत हवं आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची मतं रकान्यात भरलेल्या माणसाला ते वाचून काय वाटलं, ते ज्याने असे रकाने भरलेत त्यालाच कळेल. मी चष्मा पुसला आणि बसलो.

सर्वे कसले, तर टूथपेस्टचे, बिस्किटांचे, कूलरचे. पण मी ते जनगणनेच्या शिस्तीने भरायचो. आधी पाठकोऱ्या कागदावर कच्चं, मग फोनवर पक्कं. "तुमच्या घरी महिन्याला किती चहापत्ती लागते?" असं विचारलं की अंदाजपंचे उत्तर द्यायचं माझ्याच्याने होत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन डबा उतरवला, चमच्याने पत्ती मोजायला लागलो आणि बायकोने कपाळाला हात लावला.

"रिटायर होऊन पाच वर्सं झाले तुमाले," ती म्हणाली. "तरी घरोघर फिरूनच राह्यले. आता आपल्याच घरात."

"रिकामा रकाना सोडता येत नाई," मी म्हणालो.

"मंग लिवा, बायको कावली."

चिडवायची, पण उत्तरं द्यायची. डोक्याला तेल कोणतं, आठवड्यातून किती वेळा, साडी घेताना रंग आधी बघतेस की कापड. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिला साडीचा रंग कधी विचारला नव्हता. जांभळा आवडतो, म्हणाली. घरात एकही जांभळी साडी नव्हती, कारण साड्या मीच आणत होतो. दुपारची जेवणं आटोपली की ती शेंगा निवडायला बसायची, मी पेन्सिल घेऊन समोर बसायचो आणि तासभर आमचं छान चालायचं. त्या सहकाऱ्याने एकदा मला सल्ला दिला की वय पंचवीस टाका, बाई आहे म्हणून टाका, जास्त सर्वे येतात. त्याला मी फोनवरच झापला. खोटी माहिती भरणाऱ्याला मी मास्तर म्हणत नाही.

मग सर्वे कमी पडू लागले. अ‍ॅपनेच उपाय सुचवला. सोबत आमचा एक मदतनीस प्रोग्राम उतरवून घ्या, त्याला काही परवानग्या द्या, म्हणजे तुमच्या आवडीचे प्रश्न जास्त येतील. खाली लांबलचक इंग्रजी मजकूर होता. न वाचता मी जन्मात सही केलेली नव्हती. वेतनवाढीचा कागदसुद्धा दोनदा वाचायचो. पण ते इंग्रजी बोटाने वर सरकवत सरकवत मी तळाला गेलो आणि 'सहमत' दाबलं. मला आणखी प्रश्न हवे होते. याहून दुसरं कारण माझ्याजवळ नाही.

पुढचं लिहिण्याआधी एक सांगितलं पाहिजे. हे लिहू का, असं मी बायकोला विचारलं आहे. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "आता कोन राह्यलं सांगाचं? लिवा. पन नवं काई टाकू नोका." तेव्हा जे आधीच सगळ्यांना माहीत झालेलं आहे तेवढंच इथे आहे. बाकी काही गोष्टी मी गाळल्या आहेत, त्या गाळलेल्याच राहतील.

पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. बाया पांढऱ्या साड्या नेसून येतात, सतरंजीवर दीड-दोन तास बसतात, पाळीपाळीने वाचतात. माझ्या बायकोचा आवाज मोठा आणि वाचन स्वच्छ, पूर्वी तिच्याकडे नेहमी जास्त पानं यायची. पण बऱ्याच वर्षांपासून तिने येणं सोडलं होतं. गुडघे दुखतात म्हणायची. सचिवाचीच बायको येत नाही याची मला लाज वाटायची आणि त्यावरून मी तिला चारचौघांत टोमणेही मारले होते.

त्या दिवशी दुपारी ती बरबटीच्या शेंगा तोडत बसली होती आणि मी फोन उघडला, तर सर्वे आला होता घरातल्या प्रौढ महिलांच्या तब्येतीचा. पहिले चार प्रश्न रक्तदाब, साखर असे नेहमीचे. पाचवा मी वाचला आणि जरा थांबलो. पण प्रगणकाने लाजायचं नसतं.

"खोकतानी, शिंकतानी कपडे वले होतेत का? हो का नाई?"

तिचा हात शेंगेवर थांबला. "तुमाले कोनं सांगतलं?"

"कोनं नाई. इथं लिवलं आहे."

ती खाली बघत दोन-तीन शेंगा तोडत राहिली. मग म्हणाली, "लिवा. हो."

पुढचा रकाना होता कधीपासून. तिने सांगितलं, बारा-तेरा वर्षं झाली असतील. मी पेन्सिल खाली ठेवली. बारा-तेरा वर्षं! एका मिनिटात सगळं माझ्या ध्यानात आलं. एसटीने कुठे जायचं असलं की ती सकाळपासून पाणी पीत नसे. नाचणगावला माहेरी जायचं तरी टाळायची, आणि गेलीच तर पोचल्या पोचल्या आधी न्हाणीघरात शिरायची. हसताना तोंडाला पदर लावून आत जायची. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. पांढऱ्या साडीवर, भरल्या विहारात, सगळ्यांच्या मधून उठायची वेळ येईल, एवढीच तिची भीती होती.

"सांगतलं काऊन नाई मले?"

"तुमी इचारलं कवा?" ती म्हणाली. रागाने नव्हे, सहज म्हणाली.

मी त्या घरात राहणारा माणूस, आणि मला हे विचारायचं सुचवलं फोनने. त्याची शरम मला तेव्हाही वाटली. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त मला बरं वाटलं. ती मोकळी झाली होती. कुठे कुठे कशी फजिती होता होता वाचली ते सांगून स्वतःच हसली. वर्षावास संपला की डॉक्टरला दाखवायचं असं आम्ही ठरवलं आणि तोवर काय करता येईल ते मी फोनवर शोधलं. त्या गप्पा संपल्यावर मी राहिलेले रकाने भरले. फॉर्म अर्धा सोडायची मला सवयच नाही.

दुसऱ्या दिवशी मी पॅड आणायला निघालो. नालवाडीतली दोन मेडिकलची दुकानं मी टाळली, कारण दोन्ही दुकानदार माझे विद्यार्थी. शहरात शिरलो तर तिसऱ्या दुकानात विहारातला एक माणूस उभा. शेवटी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे मला कुणी ओळखत नाही, तिथून दोन पुडे घेतले, वर्तमानपत्रात गुंडाळून घेतले, स्कूटरच्या डिक्कीत ठेवले आणि आडवळणाने घरी आलो. कुणाला कळू नये म्हणून एवढी यातायात केली मी, आणि फोन सगळा वेळ वरच्या खिशात होता.

बायको विहारात यायला लागली. पहिल्या दिवशी मागच्या रांगेत बसली, आठवड्याभरात मधे सरकली. एका संध्याकाळी तिच्याकडे वाचन आलं आणि तिने चार पानं सलग वाचली. बाया म्हणाल्या, काकू, तुमच्या गुडघ्याले कोनतं औषध लागू पडलं, आमाले बी सांगा. ती माझ्याकडे बघून हसली. माझ्या संसारातले फार थोडे दिवस मला त्याहून चांगले गेले असतील.

दोन आठवडे असे गेले. मग एका संध्याकाळी ती वाचन संपायच्या आधीच उठून गेली. मी सतरंज्या गोळा करून घरी आलो तर ती पांढरी साडी तशीच नेसून खुर्चीवर बसली होती.

"तुमी कोनाले सांगतलं?"

"काय?"

"माह्यं. कोनाले सांगतलं?"

झालं होतं असं की ती आपल्या जागेवर बसायला गेली, तर एका चांगल्या बाईने, खरंच चांगल्या, तिचा हात धरला आणि हळूच म्हटलं, "काकू, तुमी दाराजोळ बसत जा. उठाले बरं पडते." आणि तिथे बसलेल्या दोघी-तिघी लगेच सरकल्या. तिला जागा करून दिली. कुणी हसलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. त्यानेच ती खचली.

"मी कोनाले नाई सांगतलं," मी म्हणालो. माझा आवाज चढला. पोरीची शपथ घेतली. तेहतीस वर्षांत कुणाची गोष्ट मी बाहेर बोललो नाही, आणि तुझी बोलेन? मी पार विद्यार्थ्यांच्या दुकानापासून आडवळणापर्यंत सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसत आला होता, मला ते दिसत होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नाचणगावहून तिची भावजय, आणि बायको बोलते ती स्पीकर लावूनच.

"बाई, भाऊजीच्या नंबरवरून मेसेज आला आहे मले. मी म्हटलं इचारून घ्याव. वाचू का?"

आणि तिने वाचला. नमस्कार. मी 'प्रौढ महिलांमधील लघवीवरील नियंत्रण' हे सर्वेक्षण पूर्ण केले. माझ्या घरातील व्यक्तीच्या अनुभवावरून मी उत्तरे दिली. तुम्हीही सहभागी व्हा! खाली माझं पूर्ण नाव आणि लिंक.

बायकोने फोन ठेवला. मी अजून शपथेच्याच आवेशात उभा होतो.

साधे मेसेज मी कधी उघडत नाही, त्यात कंपन्यांच्या जाहिराती असतात. त्या संध्याकाळी उघडले. माझ्या फोनमध्ये चारशेच्या वर नंबर होते आणि निरोप प्रत्येकाला गेला होता. विहारातल्या झाडून सगळ्या बायांना, दूधवाल्याला, मांडववाल्याला, माजी विद्यार्थ्यांना, मुलीच्या सासऱ्यांना. एकाने अंगठा पाठवला होता. एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, गुरुजी, हे तुम्हीच पाठवलं ना? एका नातेवाइकाने मेथीचे दाणे कसे घ्यायचे ते सविस्तर कळवलं होतं. आमच्या घरात बाई एकच, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्याशी दगा झाला होता आणि तो माझ्याच नावाने झाला होता. चहापत्ती चमच्याने मोजून ज्यांना मी खरं खरं सांगत होतो, त्यांनी माझ्या बायकोची गोष्ट माझ्या तोंडी घालून गावभर फिरवली. मला संतापाने बसवेना. आणि संतापात मी जे केलं, ते मास्तरशिवाय कुणी केलं नसतं.

मी शुद्धिपत्रक काढलं.

शाळेत पत्रकात चूक गेली की आम्ही शुद्धिपत्रक काढायचो, विहाराच्या पावत्यांत चूक झाली की फळ्यावर लावायचो. चूक झाली तर ती ज्यांना गेली त्या सर्वांना कळवायची, ही माझ्या हाडीमांसी भिनलेली गोष्ट. मी कच्चं लिहिलं, पक्कं लिहिलं आणि तासाभरात चारशेच्या वर लोकांना पाठवून दिलं: "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, महिलांमधील लघवीवरील नियंत्रण या विषयावर माझ्या क्रमांकावरून आलेला संदेश तांत्रिक चुकीने गेलेला आहे. सदर मजकुराचा माझ्या पत्नीशी काहीही संबंध नाही. तरी तो ग्राह्य धरू नये."

पाठवलं आणि मला हलकं वाटलं. मी आत जाऊन तिला सांगितलंसुद्धा, आता काळजी करू नकोस, मी सगळ्यांना कळवलं.

पहिला मेसेज निम्म्या लोकांनी वाचलाही नव्हता, जाहिरात समजून सोडून दिला होता. आता सगळ्यांनी मागे जाऊन शोधून वाचला. पहिल्यात 'घरातील व्यक्ती' होती, 'पत्नी' हा शब्द मी घातला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. लोक काळजीने विचारत होते, गुरुजी, वहिनींना काय झालं?

बायकोने शुद्धिपत्रक माझ्या हातून फोन घेऊन स्वतः वाचलं. तिचं वाचन चांगलं आहे, दोनदा वाचलं.

"पह्यले मशीननं सांगतलं," ती म्हणाली. "आता तुमी सांगतलं."

"मी तर नाई म्हणून लिवलं."

"तेच तर. बारा वर्सं मी लपवलं, अन् सांगतलं एका मानसाले. तो सगळ्याइले लिवते का हे खोटं आहे." मग फोन टेबलावर ठेवून म्हणाली, "खोटं काऊन राहीन? त्रास मले होते."



रविवारी मुलगी नागपूरहून आली. आईजवळ बराच वेळ बसली, मग माझ्यासमोर येऊन माझा फोन उघडला आणि त्या मदतनिसाला मी काय काय दिलं होतं ते एकेक करून दाखवलं. सगळे नंबर. सगळे मेसेज, वाचायला आणि पाठवायलाही. माइक. मी कुठे जातो ते. स्क्रीनवर काय उघडतो ते. शहराच्या दुसऱ्या टोकाचं ते मेडिकलचं दुकानही त्यात असणार, माझ्या मनात आलं.

"पण मी तर टूथपेस्टचं सांगत होतो," मी म्हणालो.

"बाबा, तुमी टूथपेस्टचं सांगून राह्यले होते, अन् ते तुमचा आख्खा फोन वाचून राह्यले होते. प्रश्न तर बहाना होता."

"मग मत कशाला विचारलं?"

तिने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिला माझी कीव आली असावी, आणि तिच्या डोळ्यांत ती पाहून मला फार लागलं. माझं मत कुणालाच नको होतं. मी पेन्सिलीने कच्चं लिहायचो, पक्कं लिहायचो, रिकामा रकाना सोडायचो नाही, आणि ते दुसऱ्याच दाराने घरात शिरून हात मारत होते. अशा दगलबाजांना मी खेड्यात कुणाच्या अंगणातही उभं राहू दिलं नसतं.

कंपनीला लिहिलं. चार पानी, मुद्देसूद. उलट उत्तर आलं की तुमच्या तक्रारीबद्दल धन्यवाद, आमच्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, पाचपैकी तारे द्या. मुलीने अ‍ॅप काढून टाकलं. गेलेलं परत येत नाही, हेही तिने सांगितलं.

पोलिसांकडेही गेलो. तिथल्या बाई सभ्य होत्या, त्यांनी खुर्ची दिली. "सर, पैसे गेले का?" नाही म्हटलं. "मग काय गेलं ते अर्जात सविस्तर लिहा." मी कागद पुढे ओढला, पेन उघडलं. काय गेलं ते लिहायचं म्हणजे बायकोची गोष्ट पुन्हा एका कागदावर, पुन्हा माझ्याच अक्षरात, आणि तो कागद किती टेबलांवरून फिरणार ते मला चांगलं माहीत होतं. मी पेन बंद केलं, त्यांचे आभार मानले आणि कोरा कागद तिथेच ठेवून आलो.

घरी सगळं पहिल्यासारखं होतं, म्हणजे वरून. चहा वेळेवर, जेवण वेळेवर. विहारात येणं तिने बंद केलं आणि या वेळी गुडघ्यांचं कारणही दिलं नाही. मी दुपारी समोर जाऊन बसायचो. बरी आहेस का? "बरी आहो." त्रास कमी आहे का? "आहे." कमी आहे की त्रास आहे, ते कळायला मार्ग नसे. मी एक जांभळी साडी आणली. तिने घडी हातात घेतली, छान आहे म्हणाली आणि कपाटात ठेवून दिली. मी माफी मागितली, एकदा नाही, अनेकदा. ती म्हणायची, "तुमची चुकी नाई." ते ती मनापासून म्हणायची, त्यामुळे पुढे बोलायला काही उरायचं नाही.

डॉक्टरकडे जायचं तिने साफ नाकारलं होतं. तिथेही फॉर्म असतो, म्हणाली. वर्षावास संपला, दिवाळी गेली. मुलगी हट्टाला पेटली, दोनदा येऊन नुसती बोलून गेली, तिसऱ्यांदा नंबर लावूनच आली. तेव्हा कुठे बायको तयार झाली. मी न विचारता कपडे करून ऑटोत बसलो. मला कुणी ये म्हणालं नव्हतं, नको म्हणूनही कुणी सांगितलं नाही.

दवाखान्यात खिडकीतून फॉर्म मिळाला. सवयीने माझा हात पुढे गेला. बायकोने तो फॉर्म घेतला आणि मुलीच्या हातात दिला. दोघी भिंतीजवळच्या बाकावर बसल्या. मुलगी हळू आवाजात विचारत होती, बायको तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होती. मी दोन हात अंतरावर उभा होतो. मुलीचं पेन थांबत नव्हतं, म्हणजे बायकोजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ते सगळं एकदा बरबटीच्या शेंगा तोडता तोडता ती मला सांगत होती.

नंबर पुकारला. दोघी उठल्या, मीही उठलो. दारातल्या सिस्टरने कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "पेशंटचे मिस्टर ना तुम्ही? या, तुम्हीपण आत या. डॉक्टर दोघांशी बोलतात."

मी एक पाऊल टाकलं.

बायको वळली. माझ्याकडे न बघता सिस्टरला म्हणाली, "पोरगी आहे माह्यासोबत. त्याइले बाहीरच बसू द्या."

दार लागलं. अर्ध्या तासाने दोघी बाहेर आल्या, औषधं घेतली, ऑटो केला. काय म्हणाले डॉक्टर, असं मी विचारलं. "बरं होते म्हणाले," ती म्हणाली. आत तिने काय सांगितलं, ते मला अजून माहीत नाही.